बहिरी संख्या

‘काहीतरीच काय, ॲब्सर्ड!’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा मनात अर्थ असतो हास्यास्पद, अर्थहीन. पण मंडळी, हा शब्द मुळात कानाचा आहे. लॅटिनमध्ये ‘अब्सुर्दुस’ म्हणजे बेसूर. सिसेरोने तो बेसूर गळ्यासाठी वापरला आहे. कोशकारांच्या मते त्याच्या पोटात ‘सुर्दुस’ आहे, म्हणजे बहिरा. मराठीत आपण ॲब्सर्डला ‘असंगत’ म्हणतो. संगत तबल्याची असते, पेटीची असते. म्हणजे शब्द पुन्हा मैफलीतच येऊन बसला.

बहिऱ्यापासून मूर्खापर्यंतची वाट लॅटिनला दोन हजार वर्षांपूर्वीच सापडली होती. माझ्या थोरल्या खालाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ऐकू येत नाही म्हणजे अक्कल नाही, असा सगळ्यांचा सरळ हिशेब. लग्नकार्यात तिला कोणी काही विचारत नसे. घरच्या किराण्याची वही मात्र तीच ठेवायची, आणि वाण्याची चूकही तीच काढायची.

आकड्यांवरून आठवलं. सुर्दुस गणितातही शिरला, आणि ती कथा मला जास्त आवडते. 2 च्या वर्गमुळासारखी, अपूर्णांकात कधीच न मावणारी संख्या ग्रीकांनी ‘अलोगोस’ ठरवली. लोगोस म्हणजे गुणोत्तर, तसाच शब्दही. त्यामुळे ती गुणोत्तर नसलेली आणि वाचा नसलेलीही झाली. अरबी पंडितांनी तिला ‘असम्म’ म्हटलं, म्हणजे बहिरी. 12व्या शतकात क्रेमोनाचा जेरार्ड स्पेनमधल्या तोलेदोला गेला, अरबी शिकला आणि तिथे गणिताचे ग्रंथ लॅटिनमध्ये आणत बसला. असम्मचा सुर्दुस झाला तो अशा भाषांतरांत. 16व्या शतकात इंग्रजीने त्याचा ‘सर्ड’ केला. ग्रीकांची मुकी संख्या अरबी मुलखातून लंडनला पोचली ती बहिरी होऊन!

आपल्याकडे शुल्बसूत्रांत तिला ‘द्विकरणी’ म्हणतात: दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस करून देणारी बाजू. शाळेच्या पुस्तकातली ‘करणी’ ती हीच. (गावाकडे करणीचा अर्थ भलताच, त्यामुळे आम्ही मुलं ते प्रकरण जरा जपूनच उघडायचो.) मला हे नाव अधिक न्यायाचं वाटतं. संख्येला काय जमत नाही ते न सांगता ती काय करते, तेवढं ते सांगतं.

सुर्दुसचा एक वंशज अजून सुरांत राहतो. व्हायोलिनच्या घोडीवर आवाज दाबायला चिमटा बसवतात, त्याला इटालियनमध्ये ‘सोर्दिनो’ म्हणतात, छोटा बहिरा. तो लावला म्हणून व्हायोलिन गप्प होत नाही. सूर जरा मऊ होतो, इतकंच.