79 बाइटांचा चौकोन

1996 साल आहे आणि तुम्ही कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत, फ्युचरवेव्ह या छोट्याशा कंपनीत उभे आहात. शेजारी मोडेम किंचाळतोय, 28.8 किलोबिटचा. सगळं सुरळीत चाललं तर सेकंदाला साडेतीन हजार बाइट. 640 बाय 480चं, 256 रंगांचं एक चित्र न दाबता पाठवायचं तर सुमारे दीड मिनिट लागेल. आणि इथल्या मंडळींना चित्र हलवायचंय!

जोनाथन गेनं आधी पेनवर चालणाऱ्या संगणकांसाठी स्मार्टस्केच हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर लिहिलं. ते संगणक खपलेच नाहीत. 1995च्या सिगग्राफ या संगणक-ग्राफिक्सच्या संमेलनात लोकांनी सुचवलं, यातून अ‍ॅनिमेशन करा. त्यातून तुमच्यासमोरचं फ्युचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर घडलं. डिसेंबरात मॅक्रोमीडिया ही कंपनी फ्युचरवेव्हला विकत घेईल आणि या सॉफ्टवेअरचं नाव फ्लॅश होईल.

दोन वर्षं पुढे या. 1998मध्ये मॅक्रोमीडियानं फ्लॅशच्या एसडब्ल्यूएफ फाइलची रचना जगाला खुली केलीय. पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकच चौकोन असलेली एक फाइल उघडा. तिची अख्खी लांबी 79 बाइट. सुरुवातीला, सोळा-आधारी (हेक्स) आकड्यांत, 46, 57, 53, म्हणजे एफ, डब्ल्यू, एस ही अक्षरं. मग आवृत्ती 3, मग लांबी, मग रंगमंचाचं माप. पडद्यावर तो 550 बाय 400 पिक्सेल आहे, पण फाइलमध्ये 11,000 बाय 8,000 लिहिलाय, कारण एका पिक्सेलचे 20 ट्विप धरतात. त्यामुळे रेषा पिक्सेलच्या फटीतूनही हळुवार सरकू शकते. हे माप लिहिण्याची रीत नीट बघा. पहिले पाच बिट सांगतात, पुढचा प्रत्येक आकडा किती बिटांत आहे. इथे 15. चार आकड्यांचे 60 बिट, सगळं मिळून नऊ बाइट. फक्त शेवटचा बाइट पुरा करायला सात बिट रिकामे जातात. मला हा काटकसरीपणा कलेइतकाच सुंदर वाटतो.

पुढे टॅगांची रांग लागते: पार्श्वभूमीचा रंग, आकाराची व्याख्या, तो आकार अमुक ठिकाणी ठेव, फ्रेम दाखव, संपलं. खरी युक्ती या 'ठेव'मध्ये आहे. झाडाचं पान एकदाच काढायचं आणि त्याला क्रमांक द्यायचा. मग हजार पानांचं झाड उभं करताना दरवेळी फक्त क्रमांक, जागा आणि तिरपेपणा सांगायचा. शिवाय टॅग क्रमानं येतात, त्यामुळे उरलेली फाइल वाटेत असतानाच पहिली फ्रेम हलायला लागते.

आता वेगानं पुढे चला. 2000 साली फ्लॅश 5बरोबर अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा येते आणि चित्रानं कसं वागायचं ते तीत लिहिता येतं. न्यूग्राउंड्स या संकेतस्थळावर शाळकरी मुलं आपले गेम चढवताहेत. ना स्टुडिओ, ना भांडवल. 2005मध्ये यूट्यूबचे व्हिडिओही फ्लॅश प्लेअरमध्येच चालताहेत. एप्रिल 2010मध्ये स्टीव्ह जॉब्स जाहीर पत्र लिहून सांगतात की आयफोनवर फ्लॅशला जागा नाही: बॅटरी खातो, सुरक्षित नाही. सुरक्षेबाबत त्यांचं खरंच होतं. प्लेअरमध्ये भोकं सापडतच राहिली, आणि तो ब्राउझरमधून गेला ते बरंच झालं.

12 जानेवारी 2021. तुम्ही जुन्या गेमवर क्लिक करता. काहीच हलत नाही. मॅक्रोमीडिया ताब्यात घेणाऱ्या अ‍ॅडोबीनं 31 डिसेंबरला प्लेअरचा आधार काढलाच होता. आजपासून प्लेअर स्वतःच चालायला नकार देतो. दोष प्लेअरचा होता, शिक्षा मात्र लाखो चित्रांना झाली.

पण फाइलची रचना खुली होती, म्हणून वाट उरली. रस्ट भाषेत लिहिलेला रफल हा एम्युलेटर तेच टॅग वाचतो आणि आजच्या ब्राउझरमध्ये चित्र पुन्हा हलवतो. इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयानं त्याच्या जोरावर नोव्हेंबर 2020पासून फ्लॅशचा संग्रह उभा केलाय. अ‍ॅक्शनस्क्रिप्टच्या तिसऱ्या आवृत्तीत लिहिलेल्या कामांशी मात्र रफलला जास्त झगडावं लागतं.

आता वर्तमानात या. घरातल्या जुन्या सीड्या आणि हार्ड डिस्क काढा. नावाच्या शेवटी एसडब्ल्यूएफ असलेली फाइल दिसली तर कृपा करून पुसू नका. आधी रफलमध्ये उघडून बघा, आणि तुमचं स्वतःचं काम असेल तर आर्काइव्हकडे द्या.