ऑर्गन : बदलीच्या वाद्याचा इतिहास

वाद्याचा इतिहास लिहिताना घडण आधी व उपयोग मागाहून असा क्रम सामान्यतः ठेवला जातो. ऑर्गनच्या बाबतीत तो फारसा उपयोगी पडत नाही. नळ्यांतून वारा सोडून वाजणारे प्रचंड वाद्य, पायांनी भाता हलवून धातूच्या पत्त्या बोलक्या करणारी पेटी आणि विजेच्या बळावर फिरणाऱ्या चकत्यांतून स्वर काढणारे यंत्र, या तिन्हींना ऑर्गन हे एकच नाव आहे. त्यांच्यात साम्य एवढेच की, पट्टी दाबून धरलेली असेतो स्वर टिकतो; वादकाचा श्वास संपला अथवा गज फिरवावा लागला म्हणून तो तुटत नाही. या एका गुणाच्या बळावर ऑर्गन निरनिराळ्या संगीतप्रकारांत शिरला, आणि बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी जागी, सोय किंवा काटकसर म्हणून शिरला. गिरणीतील बदली कामगाराप्रमाणे त्याची नेमणूक तात्पुरती समजली जाई. तथापि जेथे तो रुजला तेथे मूळ धनी परत येण्याजोगा असूनही रसिकांना तो नकोसा झाला, असे या वाद्याच्या इतिहासात पुनःपुन्हा दिसते. मराठी संगीत रंगभूमीवरील ऑर्गनचा विचारही याच मालिकेत करावयास हवा. एरवी 'परकीय वाद्याचे आक्रमण' या शब्दांत त्याची बोळवण होते आणि विचारण्याजोगे प्रश्न तसेच राहतात.

ऑर्गनचा जन्म देवघरातला नव्हे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने पाण्याच्या दाबावर चालणारे असे वाद्य रचले आणि रोमन काळात ते सार्वजनिक खेळांच्या आखाड्यांत वाजू लागले. बायझंटाईन दरबारात तो राजवैभवाचा भाग होता. सम्राट पाचव्या कॉन्स्टंटाईनने इ. स. ७५७ मध्ये फ्रँक राजा पेपिन यास ऑर्गन भेट पाठविला तो याच नात्याने. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चने उपासनेत वाद्याला बहुशः थारा दिला नाही. पश्चिमेत मात्र ऑर्गन चर्चमध्ये आला आणि तेथेही त्याचे एक ठळक काम बदलीचेच ठरले. प्रार्थनेतील एक चरण गायकवृंदाने गावा आणि पुढच्या चरणाच्या जागी ऑर्गनने वाजवावे, अशी प्रथा कॅथलिक उपासनेत पंधराव्या शतकापासून दृढ झाली. त्या चरणाचे शब्द गायिले जात नसत. फार तर कोणी ते उच्चारून घेई. फ्रान्स्वा कूपरँच्या १६९० मधील दोन ऑर्गन-मासांची रचना या प्रथेशिवाय समजतच नाही, कारण त्यांतील तुकडे न गायिलेल्या ओळींच्या जागा भरतात. शब्दाची जागा स्वराने घ्यावी हे धर्मसत्तेला खटकत राहिले. पायस दहाव्यांच्या १९०३ मधील आज्ञापत्राने या प्रथेचा प्रायः शेवट केला. सुधारणावाद्यांचा रोष याहून तीव्र होता. झुरिकच्या मुख्य चर्चमधील ऑर्गन १५२७ मध्ये मोडून काढण्यात आला. अ‍ॅमस्टरडॅममध्ये मात्र नगरसभेने एक व्यवहारी तोड काढली : उपासनेत ऑर्गन वाजवावयाचा नाही, पण आधी व नंतर नगरवासीयांसाठी वाजवावयाचा. स्वेलिंकसारखा थोर वादक अशा रीतीने धर्मसभेचा नव्हे, तर नगराचा नोकर राहिला.

एकोणिसाव्या शतकात हे वाद्य आकुंचन पावले. पॅरिसमध्ये दबँ याने १८४० च्या सुमारास 'हार्मोनियम' या नावाची पत्त्यांची पेटी सिद्ध केली. अमेरिकेत भात्याने वारा बाहेर ढकलण्याऐवजी आत ओढून घेणारा प्रकार लोकप्रिय झाला. हा भेद केवळ तांत्रिक नाही. वारा आत ओढणाऱ्या पेटीचा स्वर अधिक मृदू व गोलसर येतो, आणि मराठी रंगभूमीने 'ऑर्गन' म्हणून स्वीकारली ती हीच जात होय. व्हरमाँट राज्यातील ब्रॅटलबरो येथील एस्टी यांच्या एकट्या कारखान्यातून पाच लाखांहून अधिक ऑर्गन बाहेर पडले. इंग्लंडमधील खेड्यापाड्यांच्या चर्चमध्ये सज्ज्यावर बसून सारंगीवर्गीय वाद्ये व बासऱ्या वाजविणारे गावकरी याच सुमारास दूर झाले आणि त्यांच्या जागी एक पेटी व एक वादक आला. टॉमस हार्डीच्या १८७२ मधील 'अंडर द ग्रीनवुड ट्री' या कादंबरीचा विषय हाच बदल आहे. येथे बदली वाद्याने माणसे बेकार केली. ती माणसे हौशी होती एवढ्यानेच हा तोटा लहान ठरत नाही. व्हिएन्नात १९१८ ते १९२१ या काळात शॉनबर्गच्या मंडळाने मोठ्या वाद्यवृंदासाठी रचलेल्या कृती मूठभर वादकांवर बसविल्या, तेव्हाही न परवडणाऱ्या फुंकवाद्यांचे काम हार्मोनियमवर सोपविण्यात आले होते.

चित्रपटगृहातील ऑर्गन हा या काटकसरीचा सर्वांत उघड नमुना होय. दूरध्वनीच्या कामात तयार झालेला रॉबर्ट होप-जोन्स हा इंग्रज अभियंता १९०३ मध्ये अमेरिकेस गेला आणि १९१० मध्ये वुर्लिट्झर कंपनीत दाखल झाला. एका माणसाच्या हाती सबंध वाद्यवृंद द्यावा ही त्याची कल्पना. मूकपटाच्या मालकाला ती पटण्यास संगीताची जाण लागत नव्हती, हिशेबाची पुरे होती. बोलपट आल्यावर हा व्यवसाय कोसळला. वाद्य मात्र टिकले : इंग्लंडमधील ब्लॅकपूल टॉवरच्या नृत्यगृहात ते नाचाला साथ करीत राहिले.

पुढील टप्पा अधिक बोधक आहे, कारण तेथे 'बदली' या दाव्याची सरकारदरबारी तपासणी झाली. लॉरेन्स हॅमंडने १९३५ मध्ये विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आणला. नळ्यांच्या ऑर्गनचे सर्व स्वररंग या यंत्रातून निघतात, या जाहिरातीस अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने हरकत घेतली. शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपेलमध्ये दोन्ही वाद्ये पडद्याआडून ऐकवून परीक्षा झाली. श्रोते अनेकदा फसले, तरी १९३८ मध्ये आयोगाने कंपनीस असे दावे थांबविण्याचा आदेश दिला. नक्कल या दृष्टीने हॅमंड अपुरा ठरला, आणि त्याच वेळी त्याचे स्वतंत्र आयुष्य सुरू झाले होते. नळ्यांचा ऑर्गन ज्यांना कधीच परवडला नसता अशा निग्रो जमातींच्या चर्चमध्ये — आज हा शब्द कोणी वापरीत नाही, कृष्णवर्णीय म्हणणेच योग्य — त्याला घर मिळाले. शिकागोच्या फर्स्ट चर्च ऑफ डिलिव्हरन्समध्ये १९३९ च्या सुमारास केनेथ मॉरिसने तो गॉस्पेल गायनाच्या साथीस घेतला. प्रवचनकाराच्या वाक्याखाली स्वर धरून ठेवणे, त्याच्या आवाजाबरोबर तो चढविणे व वाक्य संपताच उत्तर देणे, ही या साथीची रीत. कीर्तनातील निरूपणाखाली पेटीचा स्वर ज्याने ऐकला आहे त्याला तिची कल्पना सहज येईल.

पट्टी दाबताच येणारी बारीक 'टक्' ही हॅमंडच्या अभियंत्यांच्या मते उणीव होती. वादकांनी तीच हवीशी केली. डॉन लेस्लीने फिरत्या कर्ण्याचा ध्वनिवर्धक जोडून स्वरास कंप दिला, तो कंपनीने दीर्घकाळ मानला नाही, वादकांनी मात्र अनिवार्य मानला. १९५६ मध्ये जिमी स्मिथची पहिली ध्वनिमुद्रणे निघाली आणि ऑर्गन, गिटार व ड्रम या तिघांचा जॅझ-संच लोकप्रिय झाला. मंद्र स्वरांचे काम ऑर्गनवादकाचा डावा हात व पाय करीत असल्याने एका वादकाचे वेतन वाचे हे खरे. परंतु त्या संचाची ध्वनिमुद्रणे आज कोणी वेतन वाचले म्हणून ऐकत नाही. रॉक संगीतात तर साथच कर्तृत्वाच्या पदवीस पोहोचली. प्रोकोल हॅरम या वृंदाच्या १९६७ मधील 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' या गीतातील ऑर्गनचा भाग वाजविणाऱ्या मॅथ्यू फिशरचा सहकर्तेपणाचा हक्क ब्रिटनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने २००९ मध्ये मान्य केला आणि संगीतातील चाळीस टक्के वाटा त्याचा ठरला.

आता मराठी रंगभूमी. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले, त्यात शंभराहून अधिक पदे होती. आरंभीच्या संगीत नाटकांत साथीचा मुख्य भार सारंगी व तबला यांवर असे. सारंगी मानवी गळ्याला सर्वांत जवळची, हे सर्वमान्य आहे. मग पेटी आणि पुढे ऑर्गन यांना वाव का मिळाला? सारंगीला चिकटलेला कोठीचा संबंध पांढरपेशा प्रेक्षकांस व नाटकमंडळ्यांस अडचणीचा वाटे, हे एक कारण नेहमी सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे रंगमंचाकडे न पाहता समाजाकडेच पाहणे होय. मैफलीत गवई एक राग तासभर गातो. नाटकात यमनातले पद संपून चार संवाद होताच भीमपलासातले पद येते. सारंगीच्या तरफा रागागणिक जुळवाव्या लागतात, आणि नाटकाच्या ओघात त्यासाठी उसंत नाही. शिवाय मैफलीच्या गवयाच्या पाठीशी तंबोरा असतो. नट उभा असतो, चालतो, बोलतो, मध्येच गातो. त्याच्या कानाशी षड्ज सतत आणून देणारे काही तरी हवे, आणि ध्वनिवर्धक नसलेल्या नाट्यगृहात ते मागच्या रांगेपर्यंत पोहोचावयासही हवे. ऑर्गनने बदली केली ती मुख्यतः तंबोऱ्याची. सारंगीची त्याने केलीच नाही. गंधर्व नाटक मंडळीत (स्थापना १९१३) ऑर्गनबरोबर कादरबक्षांची सारंगी होती व अहमदजान थिरकवांचा तबला होता, ही गोष्ट 'पेटीने सारंगी हुसकावली' या सरसकट विधानाला पुरेसे उत्तर आहे.

मग हातपेटीच का पुरेशी झाली नाही? कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पावात हातभात्याची पेटी प्रचारात आणली, ती जमिनीवर बसून वाजविणाऱ्यास सोयीची. परंतु तीत एक हात भात्यावर अडकतो. ऑर्गनचे भाते पायांवर असल्याने दोन्ही हात मोकळे : डावा आधारस्वर धरून ठेवतो, उजवा गायकाच्या मागे जातो. गुडघ्याने ढकलावयाच्या पट्टीने नाद उघडता व मिटता येतो. संवादाखाली तो विझत आणावा आणि पदाच्या तोंडाशी फुलवावा, हे रंगभूमीला हवे तसेच झाले. नट प्रवेश करून शेवटचे वाक्य बोलत असतानाच खालून येणारा स्वर प्रेक्षकाला सांगत असे की आता पद येणार. हे काम तंबोऱ्याने कधीच केले नव्हते. बदली कामगाराने येथे मूळ कामाची व्याख्याच वाढविली.

याची किंमतही होती. पट्टीच्या वाद्यावर मींड निघत नाही, आणि बारा समान अंतरांवर लावलेल्या सप्तकात रागाचा नेमका गंधार वा धैवत सापडत नाही. कृ. ब. देवल यांनी क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या सहकार्याने बावीस श्रुतींची पेटी सिद्ध करण्याचा घाट १९११ च्या सुमारास घातला, तो ही उणीव ओळखूनच. त्या पेटीचे पुढे काही झाले नाही. ज्या घाईसाठी रंगभूमीला पेटी हवी होती, त्या घाईत बावीस श्रुती सांभाळणार कोण? वादकांनी दुसरा मार्ग धरला. मींडेच्या जागी कणस्वर झटकन स्पर्शून सोडावयाचा, गायक जेथे सूर लांबवील तेथे गप्प राहावयाचे, आणि त्याने श्वास घेतला की त्याचेच शेवटचे वळण परत ऐकवावयाचे. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी पेटीवर बोटांची जी तयारी दाखविली आणि पुढे गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) यांनी पेटी व ऑर्गन दोन्हींवर नाट्यगीतांची जी साथ केली, तीत ही उणीव भरून निघाली असे म्हणता येत नाही. ती ऐकणाऱ्याच्या लक्षात येऊ नये एवढी कला मात्र तीत निश्चित होती.

जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये हार्मोनियमवर कडक टीका केली आणि १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने ती वर्ज्य केली; ही बंदी १९७१ पासून अंशतः सैल झाली. श्रुतींचा आक्षेप तत्त्वतः बिनतोड आहे. परंतु तो घेणाऱ्यांनी मैफल व रंगभूमी यांत भेद केला नाही, आणि नाट्यगीत हा ऑर्गनच्या सान्निध्यात वाढलेला प्रकार आहे हे ध्यानात घेतले नाही. सारंगीवर साथ केलेले नाट्यगीत शास्त्रदृष्ट्या अधिक शुद्ध होईल. रसिकाला मात्र ते नाटकातले न वाटता मैफलीतले वाटण्याचा संभव अधिक. गायकाच्या भाषेतही हे वाद्य मुरले आहे. 'काळी एक', 'पांढरी पाच' ही मराठी गायकांची आपली पट्टी सांगण्याची रीत पेटीच्या पट्ट्यांवरून आली, आणि श्रुतींचे कट्टर अभिमानीही तंबोरा जुळविताना हीच नावे घेतात.

एस्टी यांचा कारखाना १९६० मध्ये बंद पडला आणि असे ऑर्गन घडविण्याचा व्यवसाय जगभरच ओसरला. जुन्या संगीत नाटकांचे प्रयोग लावणाऱ्या मंडळींना आज दुरुस्त केलेल्या जुन्या वाद्यांवरच भिस्त ठेवावी लागते. भाते, कातडे व पत्त्या यांची डागडुजी हार्मोनियमचे कारागीर करतात. जेथे तेही मिळत नाही तेथे विजेच्या पट्टीवाद्यावर 'ऑर्गन' असे नाव असलेली कळ दाबून वेळ निभावली जाते, आणि जाणते श्रोते त्या स्वराविषयी तक्रार करतात.