अक्कलकोटचा राजवाडा

मैंदर्गीहून अक्कलकोट अगदीं जवळ. तेथें जाणारे बहुतेक यात्रिक स्वामी समर्थांचें दर्शन घेऊन परततात. थोडेच राजवाड्यांतील शस्त्रागार पाहतात. तलवारी व बंदुका पाहून त्यांचे डोळे दिपतात. परंतु या घराण्याचें मूळ शस्त्रापेक्षां अभयांत अधिक आहे, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १७०७ मध्यें मोगलांच्या कैदेंतून सुटून शाहू महाराज दक्षिणेंत आले, तेव्हां पारद गांवीं त्यांस विरोध झाला. तेथील पाटील लोखंडे लढाईंत पडला. त्याच्या विधवेनें आपलें मूल महाराजांच्या पालखींत घातलें, अशी परंपरा आहे. महाराजांनीं वैऱ्याच्या त्या मुलास पुत्रवत् वाढविलें, भोसले हें आडनांव दिलें आणि पहिल्या फत्तेची खूण म्हणून त्याचें नांव फत्तेसिंह ठेविलें. त्यालाच पुढें अक्कलकोट मिळालें.

१९४८ सालीं संस्थान विलीन झालें; वाडा उरला. जुनी वास्तु पाहणें म्हणजे केवळ दालनें मोजणें नव्हे. ती कोणामुळें उभी राहिली, हें न विचारतां परतणारा पाहुणा दारांतूनच परतला म्हणावयाचा. वाचकांनीं मुलांसह तेथें अवश्य जावें. मात्र तलवारी दाखविण्यापूर्वीं त्यांस त्या पालखीची गोष्ट सांगावी.