डोंगरावर आलेला समुद्र

आइसलँडच्या वायव्य किनाऱ्यावरील बिल्डुडालूर या गावात २००९ साली सागरी राक्षसांचे संग्रहालय उघडले. फ्योर्डकाठच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या कथांतून तेथे राक्षसांच्या जाती मांडल्या आहेत: कुणी शिंपल्यांनी मढलेला, कुणी आयाळ असलेला, कुणी माणसासारखा. भयाला नाव आणि आकार दिला की ते जतन करता येते, हे त्यामागचे सूत्र.

आपल्या परंपरेतही असा राक्षस आहे. तिमि म्हणजे महामत्स्य. त्यालाही गिळणारा तो तिमिंगिल. इसवी सनपूर्व काळातील भारहुतच्या स्तूपावर, समुद्रापासून शेकडो मैल दूर, नौकेसह माणसे गिळू पाहणारा मत्स्य कोरलेला आहे. त्याच्या उदरातून वसुगुप्त नावाचा मनुष्य सुटला, असे तेथील लेख सांगतो. शिल्पकाराने राक्षसाइतकेच महत्त्व सुटकेला दिले आहे.

मावळातील कार्ल्याच्या चैत्यगृहात असा मत्स्य नाही, पण समुद्र आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील त्या स्तंभांवर धेनुकाकटच्या यवनांची दाने नोंदली आहेत. सोपारा बंदराहून आलेल्या दात्याचेही नाव आहे. बंदरांतून देशावर जाणारी घाटवाट येथून जवळच होती. समुद्र ओलांडलेले धन या डोंगरात दगड झाले.

त्याच चैत्यगृहाच्या दाराशी आज एकवीरा आईचे मंदिर आहे. चैत्रात कोळी आणि आगरी समाज किनाऱ्यावरून येथे पालखीला येतो. लेणी पाहणाऱ्या अभ्यासकाला हे मंदिर बहुधा मध्ये आल्यासारखे वाटते. बौद्ध दात्यापासून आजच्या भक्तापर्यंत एकच अखंड परंपरा आहे, असे म्हणणे अर्थातच घाईचे होईल. परंतु खालून वर येणारी वाट तीच आहे, आणि पाण्यावर जीव टांगून जगणाऱ्याची गरजही तीच.

आइसलँडने भयाचे संग्रहालय केले. येथे भयातून सुटण्याचा नवस टिकला. म्हणूनच बहुधा आपल्याकडे राक्षसाचे चित्र पुसट झाले आणि आई ठळक राहिली. मराठीने तर महाकाय व्हेलला देवमासा म्हणून राक्षसपणातून मोकळे केले.

तेव्हा कार्ल्याला गेल्यावर ब्राह्मी लेख वाचावेतच. परंतु रांगेत उभ्या असलेल्या कोळीणीला समुद्राविषयीही विचारावे. दगडावरचे लेख आपण टिपून ठेवले आहेत. तिच्याजवळचा लेख अजून तोंडी आहे.