चीनारचा ‘च’

लंडन-न्यूयॉर्कच्या बारमध्ये एक गडद तपकिरी, कडवट इटालियन मद्य मिळतं. लाल लेबल, त्यावर हिरवा आर्टिचोक, आणि रोमन लिपीत पाच अक्षरांचं नाव: सी, वाय, एन, ए, आर. इंग्रजी बोलणारं गिऱ्हाईक ते मागताना कधी ‘सायनार’ म्हणतं, कधी ‘सिनार’. इटलीत मात्र ते ‘चीनार’ आहे, जोर ‘नार’वर. (देवनागरीत लिहिलं की आपल्याला थेट काश्मीरचं झाड आठवतं, त्याचा इथे काही संबंध नाही.) इटालियन उच्चार अर्थात बरोबर, पण बाकीच्यांना अडाणी ठरवायची घाई नको. त्यांच्या चुकीला मोठी वंशावळ आहे.

हे पेय 1952 साली बाजारात आलं. आणणारे गृहस्थ आंजेलो दाल्ले मोल्ले, व्हेनिसकडचे उद्योजक. तेरा वनस्पतींचा अर्क, त्यात आर्टिचोकची पानं मुख्य. अल्कोहोल साडेसोळा टक्के. सोडा आणि संत्र्याची चकती घालून जेवणाआधी घ्यायचं, किंवा जेवणानंतर नुसतंच. व्हेनिसमध्ये ते स्प्रिट्झमध्येही पडतं.

आता नाव. इटालियन माणूस मंडईत आर्टिचोक मागतो तेव्हा ‘कार्चोफो’ म्हणतो. तो शब्द अरबीतून आलेला, आणि इंग्रजी ‘आर्टिचोक’ही त्याच घरातला. ही भाजी युरोपच्या ताटात आली ती अरबी नाव घेऊन. दाल्ले मोल्ले यांनी मात्र मंडईतलं नाव बाजूला ठेवून वनस्पतीशास्त्राचं उचललं. लिनियसने 1753 मध्ये या झाडाची नोंद ज्या लॅटिन नावाने केली त्याचा पहिला शब्द कापून घेतला, शेवटचा ‘आ’ टाकून दिला, की झालं पेयाचं नाव. म्हणजे ज्या नावाच्या इटालियन उच्चारावरून वाद, ते मुळात इटालियन नाहीच. लॅटिनने ते ग्रीकांकडून घेतलेलं. त्यातला ‘वाय’ ही त्याचीच खूण: रोमनांनी हे अक्षर ग्रीक शब्दांसाठी उसनं आणलं होतं. इटालियनच्या स्वतःच्या एकवीस अक्षरांत ते आजही नाही. पाहुणं आलंच तर त्याला सरळ ‘इ’ म्हणून मोकळे होतात.

खरी गंमत पहिल्या अक्षराची. सीझरच्या काळात लॅटिनमध्ये त्याचा उच्चार सगळीकडे ‘क’ होता. सिसेरो तेव्हा ‘किकेरो’ होता. पुढे ‘इ’ आणि ‘ए’ या स्वरांपुढे तो ‘क’ मऊ पडत गेला, कारण या स्वरांसाठी जीभ टाळूकडे सरकते आणि आधीच्या व्यंजनाला सोबत ओढते. मराठी माणसाला हे समजायला व्याकरण लागत नाही. ‘आमचा’ म्हणा, मग ‘आमची’ म्हणा: पहिला ‘च’ दातांशी, दुसरा टाळूशी. ‘चिंच’ या एवढ्याशा शब्दात तर दोन्ही आहेत. लॅटिनच्या लेकींमध्ये याच सरकण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या. इटालियनमध्ये ‘क’चा ‘च’ झाला, फ्रेंचमध्ये ‘त्स’वरून ‘स’. 1066 नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर फ्रेंच लिहिण्याच्या सवयी इंग्लंडात शिरल्या आणि तो ‘स’ इंग्रजीने कायमचा ठेवून घेतला. त्यापुढे ‘वाय’ दिसला की इंग्रजी डोळ्यांना सायकल आठवते, सायनाइड आठवतं. ‘सायनार’ असा तयार होतो, नियमाला धरून.

पण इंग्रजीचे नियमही एकजिनसी कुठे? रोमन कवी होरेसच्या प्रेयसीचं नाव घेऊन अर्नेस्ट डाउसनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक कविता लिहिली. ‘गॉन विथ द विंड’ हे शीर्षक मार्गारेट मिचेलला तिच्यातच सापडलं. त्या नायिकेचं नाव आर्टिचोकच्या त्या लॅटिन शब्दासारखंच लिहितात, आणि तिला इंग्रजीत ‘सिनरा’ म्हणतात, ‘सायनरा’ नव्हे. म्हणजे ‘सिनार’ म्हणणाऱ्याच्या पाठीशी निदान कविता तरी आहे.

माझं मत विचाराल तर ‘चीनार’च म्हणावं. शतकानुशतकं तोंडात घोळलेल्या गावांच्या नावांना इंग्रजी वळण शोभतं. 1952 मध्ये घडवलेल्या नावाला घडवणाऱ्याचाच उच्चार. आणि हे इंग्रजांना जमत नाही असंही नाही. चिन्झानो या दुसऱ्या इटालियन मद्याच्या नावाच्या आरंभी तेच अक्षर आहे, तरी ब्रिटनमध्ये त्याला ‘सिन्झानो’ कोणी म्हणत नाही. 1978 पासून काही वर्षं लेनर्ड रॉसिटर आणि जोन कॉलिन्स यांच्या जाहिराती टीव्हीवर गाजत होत्या. तिच्या अंगावर पेला सांडायचा हा त्यातला ठरलेला विनोद, आणि नाव घरोघरी कानावर पडत होतं. चीनारची गाजलेली जाहिरात 1966 ची, पण ती इटालियन टीव्हीवर. नट एर्नेस्तो कालिंद्री भर रहदारीत टेबल मांडून निवांत पीत बसलेला, आजूबाजूने मोटारी धावताहेत. इंग्रजी कानांपर्यंत ती पोचली नाही; त्यांना नाव बाटलीवरच वाचावं लागलं.

1995 मध्ये हा ब्रँड कांपारी कंपनीकडे गेला. खुद्द दाल्ले मोल्ले यांचं लक्ष त्याआधीच भलतीकडे वळलं होतं. त्यांनी विजेवर चालणाऱ्या मोटारी करून पाहिल्या आणि स्वित्झर्लंडमध्ये संशोधनसंस्था काढल्या. 1988 मध्ये लुगानोत स्थापन झालेली संस्था कृत्रिम बुद्धिमत्तेची. तिथल्या युर्गन श्मिडहुबर यांनी झेप होखरायटर यांच्यासह 1997 मध्ये मांडलेली पद्धत पुढे फोनमधल्या वाणी-ओळखीत वापरली गेली. 1991 मध्ये मार्तिन्यीत आणखी एक संस्था निघाली. तिच्या कामाचा एक मुख्य विषय होता माणसाचा उच्चार यंत्राला कसा कळावा.