अंदमानात मुक्काम : खर्च बेताचा, सोय पुरेशी

अंदमानची सहल हे अनेक मराठी कुटुंबांचे जुने स्वप्न असते. स्वातंत्र्यवीर सावरकर ४ जुलै १९११ रोजी ज्या सेल्युलर जेलमध्ये दाखल झाले, त्या वास्तूचे दर्शन घ्यावे आणि त्यानंतर दोन-चार दिवस निळ्या समुद्राच्या सान्निध्यात काढावेत, अशी त्यामागची कल्पना असते. मात्र विमानाच्या तिकिटांवरच मोठी रक्कम खर्च झाल्यावर मुक्कामाचा प्रश्न उभा राहतो. जाहिरातींतील समुद्रकाठची आलिशान रिसॉर्ट्स आवाक्याबाहेरची वाटतात, तर स्वस्त खोली म्हणजे गैरसोय, अशी धास्ती असते. वास्तविक या दोन टोकांच्या मध्ये स्वच्छ, हवेशीर आणि परवडणाऱ्या निवासांची मोठी संख्या अंदमानात आहे. ते ओळखण्याचे निकष मात्र मुख्य भूमीवरील शहरांपेक्षा वेगळे आहेत.

बेटावर खोली महाग का पडते?

अंदमान-निकोबार द्वीपसमूहात लहानमोठी आठशेहून अधिक बेटे व खडक आहेत आणि त्यांपैकी जेमतेम तीसेक बेटांवर वस्ती आहे. चेन्नई व कोलकाता ही दोन्ही बंदरे येथून सुमारे बाराशे किलोमीटर दूर आहेत. सिमेंट, गाद्या, डिझेल, गहू, डाळ, स्वयंपाकाचा गॅस हे सारे समुद्रमार्गे येते. राजधानीहून लहान बेटांवर न्यायचे तर ते पुन्हा एकदा बोटीत चढवावे लागते. वीजही बव्हंशी डिझेलवर तयार होते. त्यामुळे जी सोय मुंबई-पुण्यात किरकोळ समजली जाते, तिची किंमत बेटावर दुप्पट मोजावी लागू शकते. वातानुकूलन, दिवसभर गरम पाणी, पोहण्याचा तलाव, भरगच्च न्याहारी या गोष्टी खोलीचे भाडे वाढवतात. उलट वारा, सावली, ताजी मासळी, शहाळी आणि समुद्र या गोष्टी बेटावरच मिळतात. पहिल्या यादीतील जेवढ्या गोष्टी सोडता येतील, तेवढा खर्च उतरतो. दुसऱ्या यादीतील गोष्टी जपल्या की सुखात उणे पडत नाही.

राजधानीत : जेट्टी व जेल यांच्या जवळ

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने पोर्ट ब्लेअरचे नाव ‘श्री विजयपुरम’ असे केल्याचे जाहीर केले. जुने नाव अजूनही सर्रास वापरले जाते, त्यामुळे आरक्षण करताना दोन्ही नावे ध्यानात ठेवावीत. या शहरात समुद्रकिनाऱ्यावरील खोलीचा आग्रह धरण्याचे कारण नाही. येथे पर्यटकाचा वेळ सेल्युलर जेल, संग्रहालये आणि बोटींच्या वेळा यांभोवती जातो. म्हणून अबर्डीन बाजार व त्याच्या आसपासची लॉजेस सोयीची ठरतात. जेल येथून जवळ आहे, बसस्थानक हाताशी आहे, शाकाहारी भोजनालये आहेत आणि आंतरद्वीपीय बोटी सुटतात ती फिनिक्स बे जेट्टीही दूर नाही. जेलमधील ध्वनिप्रकाश कार्यक्रम संध्याकाळी असतो. तो संपल्यावर पायी परतता आले तर रिक्षाचे भाडे आणि दगदग दोन्ही वाचतात.

बाजारातील खोली घेताना रस्त्याकडील खिडकी टाळून मागच्या बाजूची खोली मागावी. शांतता अधिक हवी असल्यास डेलानीपूर किंवा गोलघर या भागांत लहान हॉटेले व घरगुती निवास आढळतात. कॉर्बिन्स कोव्ह हा शहरालगतचा किनारा रम्य आहे. मात्र तेथे राहिल्यास प्रत्येक फेरीला वाहन करावे लागते, हे हिशेबात धरावे.

स्वराज द्वीप : नारळी-पोफळीच्या बागांतील झोपड्या

३० डिसेंबर २०१८ रोजी हॅवलॉक बेटाचे ‘स्वराज द्वीप’ आणि नील बेटाचे ‘शहीद द्वीप’ असे नामांतर झाले. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना या बेटांवर वसविण्यात आले. गोविंदनगर, विजयनगर, राधानगर ही गावांची नावे त्यांनी मागे सोडलेल्या वैष्णव परंपरेची आठवण देतात. त्यांच्या वंशजांच्या नारळी-पोफळीच्या बागांतच आज बांबू व लाकडाच्या झोपड्यांचे साधे निवास उभे आहेत.

यांपैकी बहुतेक निवास पूर्व किनाऱ्यावर, गोविंदनगर ते विजयनगर या पट्ट्यात आहेत. येथे ‘समुद्रासमोरची खोली’ म्हणून जादा भाडे आकारले जाते. ते देण्यापूर्वी एक बाब समजून घ्यावी. पूर्व किनारा उथळ आहे. ओहोटीच्या वेळी पाणी दूरवर मागे सरते आणि खडक व मृत प्रवाळ उघडे पडतात. पोहणे भरतीच्या वेळीच शक्य होते. प्रसिद्ध राधानगर किनारा बेटाच्या पश्चिमेस, जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे आणि बहुतेक जण पोहण्यासाठी व सूर्यास्तासाठी तेथेच जातात. त्यामुळे पूर्वेकडे राहणाऱ्याने समुद्राला लागून असलेल्या खोलीऐवजी त्याच बागेतील दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतील खोली घेतली तर काही बिघडत नाही. किनारा दोन मिनिटांच्या चालीवर राहतो आणि भाडे उतरते.

राधानगरजवळ निवासांची संख्या कमी आहे आणि जेवणाचे पर्यायही मोजके आहेत. गोविंदनगरच्या बाजाराजवळ राहिल्यास गावातल्या खाणावळीत मासे-भात किंवा डाळ-भात-भाजी मिळते आणि स्कूटर भाड्याने घेता येते. मुक्कामाच्या ठिकाणीच तिन्ही वेळा जेवण्याची सक्ती नसणे, ही बेटावरील मोठी बचत आहे.

शहीद द्वीप : सायकलच्या टप्प्यातील बेट

कमी खर्चात निवांतपणा हवा असणाऱ्यांनी शहीद द्वीपाचा विचार अवश्य करावा. सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर ही येथील गावे. बेट इतके लहान आहे की सायकलवरून ते आरामात पाहून होते. भरतपूरचा किनारा जेट्टीला लागून आहे आणि लक्ष्मणपूर फार दूर नाही. त्यामुळे स्थान चुकले तरी नुकसान मर्यादित राहते. येथे भाजीपाला मोठ्या प्रमाणावर पिकतो आणि तो इतर बेटांवरही जातो. शाकाहारी कुटुंबांना याचा लाभ होतो. स्वयंपाकात मोहरीचे तेल वापरले जाते. ते चालत नसेल तर आधी सांगितल्यास वेगळी भाजी करून मिळू शकते.

उत्तरेकडे : गर्दीपासून दूर

हाताशी सात-आठ दिवस असतील तर मध्य व उत्तर अंदमान स्वस्तात पाहता येते. रंगत, मायाबंदर आणि दिगलीपूर येथे शासकीय विश्रामगृहे आणि साधी लॉजेस आहेत. दिगलीपूरजवळ रॉस व स्मिथ ही वाळूच्या पट्ट्याने जोडलेली जुळी बेटे, कासवांच्या विणीसाठी ओळखला जाणारा कालीपूर किनारा आणि द्वीपसमूहातील सर्वोच्च असे ७३२ मीटर उंचीचे सॅडल शिखर आहे. मात्र राजधानीपासूनचा रस्त्याचा प्रवास जवळजवळ संपूर्ण दिवसाचा आहे. तो जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. तेथे वाहने ठरावीक वेळी ताफ्यानेच सोडली जातात, वाटेत थांबण्यास व छायाचित्रे घेण्यास कायद्याने मनाई आहे. शासकीय विश्रामगृहांत अधिकाऱ्यांना प्राधान्य असल्याने लेखी आरक्षण हाती असल्याखेरीज त्यावर विसंबून निघू नये.

खोली पाहताना : पाणी, वारा, वीज

अंदमानात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही फेब्रुवारी ते एप्रिल या कोरड्या काळात पाणी टंचाईचे होते. राजधानीचा पुरवठा मुख्यत्वे धनीखारी धरणावर अवलंबून आहे आणि पाऊस लांबला की घरोघरी पाणी एक-दोन दिवसांआड सोडले जाते. म्हणून खोली ठरवताना पहिला प्रश्न पाण्याचा असावा. निवासाला स्वतःची विहीर वा पुरेशी टाकी आहे का, पाणी खारट आहे का आणि पिण्याच्या पाण्याची व्यवस्था काय, हे विचारावे. लहान बेटावर पर्यटकाने वाया घालवलेली बादली शेजारच्या घराच्या वाट्याची असू शकते. त्यामुळे बादली-तांब्याची सोय असलेली न्हाणी गैरसोयीची न मानता समंजसपणाची मानावी.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. येथे तापमान वर्षभर साधारण २३ ते ३१ अंशांच्या दरम्यान असते. त्रास होतो तो दमटपणाचा. समोरासमोर दोन खिडक्या, उंच छत, झाडाची सावली आणि चांगला पंखा असलेली खोली बहुतेक महिन्यांत वातानुकूलनाशिवाय सुखाची ठरते. उलट पत्र्याच्या छताची, एकाच खिडकीची खोली वातानुकूलन असूनही वीज गेली की तापते. त्यामुळे जनरेटर किंवा इन्व्हर्टर आहे का आणि त्यावर रात्रभर पंखा चालतो का, हा तिसरा प्रश्न. खिडक्यांना जाळ्या आणि पलंगाला मच्छरदाणी असावी. किनाऱ्यावरील वाळूत बारीक चावऱ्या माश्या असतात, त्यासाठी मलम जवळ ठेवावे.

आणखी एक स्थानिक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे. ही बेटे देशाच्या पूर्वेस असूनही घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचेच आहे. डिसेंबरात सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तर उन्हाळ्यात पहाटे पाचला उजाडते. म्हणजे अंधार पडल्यावरचा वेळ मोठा असतो. एकाकी किनाऱ्यावरील स्वस्त खोलीपेक्षा दिवाबत्तीच्या रस्त्यावरील खोली वृद्ध व मुलांसह आलेल्या कुटुंबाला अधिक सोयीची पडते.

घरगुती निवास

स्थानिक कुटुंबांनी आपल्या घरातील दोन-चार खोल्या पर्यटकांना देण्याची पद्धत अंदमानात रुळली आहे. येथे सजावट बेताची असते, पण घरचे जेवण मिळते आणि बोटींच्या वेळा, भरती-ओहोटी, कोणत्या किनाऱ्यावर मगरीचा धोका म्हणून पोहण्यास मनाई आहे, यांची खात्रीची माहिती मिळते. भाड्याचा पैसा थेट बेटावरील कुटुंबाकडे राहतो, हाही लाभ लहान नाही. पर्यटन विभागाकडे नोंदणी आहे का, स्वच्छतागृह स्वतंत्र आहे का आणि भाड्यात न्याहारी धरली आहे का, या तीन बाबी आधी स्पष्ट करून घ्याव्यात. ओळखपत्राची मूळ प्रत प्रत्येक सदस्यासाठी सोबत हवी.

हंगाम आणि शेवटची रात्र

डिसेंबरअखेर व जानेवारीच्या सुरुवातीस भाडी सर्वाधिक असतात. दिवाळीच्या सुटीतही तीच स्थिती असते. फेब्रुवारी व मार्च हे महिने हवामान आणि भाडे या दोन्ही दृष्टींनी अनुकूल मानता येतात. मे ते सप्टेंबर या पावसाळ्यात दर उतरतात. पण समुद्र खवळलेला असल्याने बोटी रद्द होतात.

येथेच काटकसरीचा एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो. परतीच्या विमानाच्या आदली रात्र लहान बेटावर न काढता राजधानीत काढावी. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे स्वराज व शहीद या द्वीपांवर (तेव्हाचे हॅवलॉक व नील) शेकडो पर्यटक अडकले आणि नौदल व तटरक्षक दलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढावे लागले. एक बोट चुकली तर विमानाची तिकिटे, नवी खोली आणि रजा असा तिहेरी फटका बसतो. त्यापुढे खोलीभाड्यातील सारी बचत क्षुल्लक ठरते. शक्यतो संपूर्ण भाडे आगाऊ न भरता अंशतः अनामत द्यावी आणि बोट रद्द झाल्यास ती परत मिळेल का, हे लेखी विचारून घ्यावे.

एकूण हिशेब

खोलीचे भाडे म्हणजे मुक्कामाचा खर्च नव्हे. समजा, एक खोली रोज १,५०० रुपयांना मिळते, पण ती गावापासून दूर असल्याने रोज ८०० रुपये रिक्षावर जातात. दुसरी २,००० रुपयांची खोली बाजारापासून चालण्याच्या अंतरावर आहे. अशा वेळी महाग दिसणारी दुसरी खोलीच स्वस्त ठरते. भाड्यावरील कराचीही चौकशी करावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. सरकारी बोटींचे भाडे खासगी बोटींच्या तुलनेत बरेच कमी असते. मात्र जागा लवकर संपतात, म्हणून खोलीची तारीख निश्चित करण्याआधी बोटीचे तिकीट पाहावे. लहान बेटांवर पुरेशी रोकडही जवळ असावी.

थोडक्यात, अंदमानात निवास निवडताना छायाचित्रांतील पडदे आणि उशा पाहण्याऐवजी पाणी, वारा, वीज आणि जेट्टीपासूनचे अंतर यांची विचारपूस करावी. या चार गोष्टी ठीक असतील तर पोफळीच्या बागेतील साधी खोलीही समाधान देते आणि वाचलेल्या पैशांत बेटावर आणखी एक दिवस राहता येते.