‘पँचॅक्स’ आणि ‘अ‍ॅप्लोकायलस’ : एका मत्स्यसमूहाच्या नामकरणाचा इतिहास

प्राण्यांच्या वर्गीकरणाचा इतिहास हा बहुधा निरीक्षणाच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ज्या लहान गोड्या पाण्यातील माशांना इंग्रजीत ‘किलीफिश’ म्हणतात, त्यांच्या भारतीय शाखेच्या बाबतीत मात्र निरीक्षणाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक गोंधळ एका नावाचा धनी कोण या प्रश्नाने घातला. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. मत्स्यविज्ञानात त्याला अधिकार नाही. परंतु शब्दांची वंशावळ शोधणाऱ्यास या माशांच्या कुळकथेत आपल्या घरची पुष्कळ सामग्री सापडते. ‘किली’ या शब्दाचा इंग्रजीतील मारण्याच्या क्रियापदाशी काही संबंध नाही. ‘किल’ म्हणजे डच भाषेत ओहोळ. हे मासे लहान ओहोळांत व डबक्यांत राहतात, एवढाच त्याचा अर्थ.

फ्रान्सिस बुकॅनन, ज्यांनी पुढे हॅमिल्टन हे नाव धारण केले, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील वैद्य होते. गंगा व तिच्या शाखांतील माशांवरील त्यांचा ग्रंथ १८२२ मध्ये एडिंबरो येथे प्रसिद्ध झाला. त्यांची पद्धत अशी, की बंगालमधील लोकांच्या तोंडचे नाव ऐकावे व तेच जातिनाम म्हणून स्वीकारावे. याच रीतीने ‘पँचॅक्स’ हे नाव शास्त्रात आले. या माशाच्या चपट्या डोक्यावर एक पांढुरका चकाकणारा ठिपका असतो, आणि त्यावरूनच बंगालीत त्याला ‘तेचोखा’, म्हणजे तीन डोळ्यांचा, असेही म्हणतात. हॅमिल्टननी टिपलेल्या नावाच्या उत्तरार्धातही ‘चोख’ हाच शब्द दडला असावा, असा माझा तर्क आहे. हॅमिल्टननी या माशाला ‘इसॉक्स’ या प्रजातीत, म्हणजे लांब चोचीच्या ‘काँकिला’ माशाच्या शेजारी बसविले. भातखाचरांच्या प्रदेशातील दुसरा एक चिमुकला मासा, डँसेना, त्यांनी ‘सिप्रिनस’मध्ये, कार्प माशांच्या पंगतीत टाकला. या दोन निर्णयांकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

१८३९ मध्ये जॉन मॅक्लेलंड यांनी कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये ‘अ‍ॅप्लोकायलस’ ही प्रजाती स्थापिली. ग्रीक ‘हाप्लोस’ म्हणजे साधा आणि ‘खैलोस’ म्हणजे ओठ. तिच्यात त्यांनी क्रायसोस्टिग्मस व मेलास्टिग्मस ही दोन रूपे घातली. दोन्ही मासे लहान. दोघांचे तोंड वर वळलेले, दोघांचा पृष्ठपर शेपटीकडे सरकलेला. पुढे असे ठरले की पहिला मासा म्हणजे हॅमिल्टनचाच पँचॅक्स होय, आणि दुसरा डँसेनाच्या जवळचा. एका छत्राखाली दोन भिन्न घराणी नांदू लागली.

त्यात शुद्धलेखनाचा वाद आला. मूळ ग्रीक शब्दाच्या आरंभी ‘ह’ असल्यामुळे लुई अगासिझ यांनी १८४६ मध्ये नाव दुरुस्त करून ‘हॅप्लोकायलस’ असे लिहिले. हे रूप पंडितांना रुचले. ग्युंटर यांनी १८६६ मध्ये आफ्रिकेतील मासेही त्याखाली जमा केले. फ्रान्सिस डे यांच्या १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झालेल्या भारतीय मत्स्यग्रंथातही तेच रूप आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते निर्दोष असले तरी नामकरणाच्या नियमांना व्युत्पत्तीशी कर्तव्य नसते. प्रथम छापलेले रूपच टिकते. भाषाशास्त्रज्ञाला हे कडू वाटले तरी मान्य करावे लागते, कारण कोणत्याही भाषेत रूढ शब्द असेच टिकतात.

या संयुक्त कुटुंबाची झळ कोठवर पोहोचली, याचे उदाहरण जपानात आहे. तेथील भातखाचरांतील माशास ‘मेडाका’ म्हणतात. ‘मे’ म्हणजे डोळा, ‘ताका’ म्हणजे उंच. बंगाली व जपानी या परस्परांस अपरिचित भाषांनी डोक्याकडेच पाहून नाव द्यावे, ही गोष्ट मनोरंजक खरी. या मेडाकावर तात्सुओ आइदा यांनी आनुवंशिकीचे प्रसिद्ध प्रयोग केले. रंगाचा एक घटक ‘वाय’ गुणसूत्रावरही असतो व तेथून ‘एक्स’वर जाऊ शकतो, हे त्यांनी दाखविले. १९२१ मध्ये ‘जेनेटिक्स’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात माशाचे नाव आहे ‘अ‍ॅप्लोकायलस लॅटिपेस’. निबंध वाचणाऱ्या एखाद्या भारतीय विद्यार्थ्याने हे प्रयोग आपल्याकडील तेचोख्याच्या सख्ख्या भावंडावरच झाले असे समजणे अगदी साहजिक होते. आणि ती समजूत चुकीची होती. वस्तुतः जॉर्डन व स्नायडर यांनी १९०६ मध्येच या माशासाठी ‘ओरायझियास’ ही वेगळी प्रजाती निर्मिली होती. ‘ओरायझा’ म्हणजे भात. मॅक्लेलंडच्या प्रजातीची प्रातिनिधिक जाती क्रायसोस्टिग्मस मानली गेल्यामुळे ‘अ‍ॅप्लोकायलस’ हे नाव पँचॅक्सकडे राहिले.

नावे वेगळी झाली, तरी दोन्ही प्रजाती किलीफिशांच्याच गणात होत्या. १९८१ मध्ये डॉन रोझेन व लिन पेरेंटी यांनी अस्थिरचनेच्या आधारे ओरायझियासला त्या गणातून काढून चोचीच्या माशांच्या गणात नेले. हॅमिल्टनचा काँकिला याच गणातला! म्हणजे १८२२ मध्ये काँकिल्याशेजारी जो बसविला तो पँचॅक्स त्याचा नातलग नव्हता, आणि ज्याला कार्पांत लोटला तो डँसेना मात्र होता. हॅमिल्टनना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढे बाह्य आकृतीपलीकडे फारसे काही नव्हते.

त्याच वर्षी पेरेंटी यांनी किलीफिशांची पुनर्मांडणी करून आशिया व आफ्रिकेतील प्रजाती ‘अ‍ॅप्लोकायलिडी’ या एका कुलात व अमेरिकेतील दुसऱ्या कुलात ठेवल्या. १९९७ मध्ये मर्फी व कॉलियर यांनी जनुकद्रव्याची तुलना केली, तेव्हा आफ्रिकेतील मासे अमेरिकेतील माशांना अधिक जवळचे दिसले. भारतीय अ‍ॅप्लोकायलसचा निकटचा सोयरा मादागास्कर व सेशेल्स बेटांवरील ‘पॅकिपँचॅक्स’ हा होय. हे भूखंडांच्या विभाजनाने घडले की मासे पुढे कधी समुद्र ओलांडून गेले, याविषयी विद्वानांत एकमत नाही.

आपल्या किनाऱ्याचा या कथेशी एक थेट धागा आहे. व्हॅलेन्सियेन्स यांनी १८४६ मध्ये बंगाली शब्दालाच प्रजातिनामाचा दर्जा देऊन ‘पँचॅक्स’ ही प्रजाती निर्माण केली, आणि मुंबईहून मिळालेल्या पट्टेदार माशाला ‘पँचॅक्स लिनिएटम’ असे नाव दिले. परका शब्द, म्हणून त्यांनी त्याला नपुंसकलिंगी मानले आणि विशेषणही तसेच चालविले. पुढे पँचॅक्स प्रजाती अ‍ॅप्लोकायलसमध्ये विलीन झाली. हे नाव पुल्लिंगी, म्हणून ‘लिनिएटम’चे ‘लिनिएटस’ झाले. माशाच्या अंगावरचा एकही खवला न हलता त्याच्या नावाचे लिंग बदलले. शोभेचे मासे पाळणारे मात्र अद्यापि त्याला पँचॅक्सच म्हणतात.